भाजीचा नवस

डॉक्टरांचं कोणी ऐकलं नाही, विनीतच्या बायकोचं, पूर्वीचं, तर नाहीच नाही. पण गावच्या राखणदार देवाचं नाव काढल्याबरोबर सगळं घर सुतासारखं सरळ झालं. पूर्वीच्या संतापाचं मूळ इथे आहे, आणि तो संताप काही उगाच नव्हता.

विनीतला जानेवारीत अटॅक आला. वय चव्वेचाळीस. कॉटन ग्रीनच्या गोडाऊनमधली ड्युटी आटोपून घरी येत होता, जिन्यात भिंतीला टेकला आणि म्हणाला, "जरा ॲसिडिटी झालीय." ॲसिडिटी कसली डोंबलाची! त्याच रात्री दोन स्टेंट घालावे लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, की औषधं अर्धं काम करतील, उरलेलं अर्धं तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मटण बंद. तळलेलं बंद. मासे चालतील, पण आठवड्यातून एखाद्या वेळी आणि आमटीतले. बाकी भाकरी, कडधान्यं, पालेभाज्या, फळं. विनीत शेजारी बसून मान डोलवत होता. इतक्या गरीब चेहऱ्याने डोलवत होता, की डॉक्टर म्हणाले, असे पेशंट मिळत नाहीत.

घरी आल्यावर पहिल्याच बुधवारी त्या गरीब चेहऱ्याने विचारलं, "आज बुधवार ना? मग मासळीचा वास कसा नाही?"

लालबागला जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांचं घर. विनीत, त्याची आई रखमाबाई, पूर्वी आणि आठवीतली मनवा. या घरात सोमवार, गुरुवार, शनिवार देवाचे, रविवार मटणवाल्याचा आणि बाकीचे वार मासळीवालीचे. विनीतचे वडील कुशाबा गिरणीत होते तेव्हा रखमाबाई गावाकडच्या एकट्या कामगारांना घरी जेवू घालत. गिरणी गेली, मागोमाग कुशाबाही गेले, पण 'रखमाच्या हातची सागोती' या मटणाच्या रश्श्याचं नाव लालबागेत अजून आहे. लग्नकार्यात म्हातारी माणसं तिची आठवण काढतात.

पूर्वी गिरगावातली, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातली. लग्न करून आली तेव्हा बांगडा शेपटीकडून धरायचा की डोक्याकडून, हेही तिला ठाऊक नव्हतं. सासूने शिकवलं, ती शिकली, आणि आता तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीसाठी ती सासूइतकीच अधीर व्हायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण तिने घरातलं जेवण बदलायला घेतल्यावर तिच्यावर पहिला आरोप झाला तो हाच. "गिरगावचा चेडू शेवटी घासफूसावर इला," रखमाबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि पूर्वीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या.

तिने काय कमी खटपट केली? नाचणीची भाकरी केली. विनीत म्हणाला, सिमेंटची चव लागते. मुगाची उसळ केली. म्हणाला, हॉस्पिटलात बरं जेवण मिळायचं. लाल माठ, चवळी, दुधी, पडवळ, एकेक भाजी ताटात पडली की हा माणूस असा चेहरा करायचा, जसं काही कोणी त्याच्या पंक्तीला कुत्रं आणून बसवलंय. आणि रखमाबाई? "माझ्या झिलाक गवत घालतंस?" असं विचारून त्या दुसऱ्या शेगडीवर तवा चढवायच्या.

त्यात पाहुणे. अँटॉप हिलची मावशी पायाचं सूप घेऊन आली. "रक्त भरून येऊक व्हया," म्हणाली. कोणी गावठी अंडी आणली, कोणी कोंबडीवडे. सगळे विनीतच्या काळजीने आले होते आणि सगळे त्याला मारायचं सामान डब्यात भरून घेऊन आले होते. पूर्वीने दारात अडवलं तर ती कजाग, नाही अडवलं तर उद्या काही झाल्यावर हीच मंडळी म्हणणार, बायकोने लक्ष दिलं नाही. समजावलं, रडली, भांडली. "तुला काही झालं तर माझं काय, मनवाचं काय?" असं विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी. विनीत तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तू टेन्शन घेऊ नकोस गं," आणि वाटी पुढे करायचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मात्र अति झालं. पूर्वी परळच्या एका शाळेत ऑफिसात काम करते. संध्याकाळी दार उघडलं तर घरभर तळणीचा वास. विनीत ताटावर बसलेला, मनवा शेजारी खाली मान घालून, आणि आत रखमाबाई सुरमई तळतायत.

"विनीत, हे तू खाणार नाहीयेस."

"एक तुकडी गं. एका तुकडीने कोण मरतं?"

"तू!" ती ओरडली.

"मग मरू दे ना. तुझी घासफूस खाऊन शंभर वर्षं जगण्यापेक्षा आईची सुरमई खाऊन गेलेलं काय वाईट?" असं म्हणून तो हसला. आतून रखमाबाईही हसल्यासारखं वाटलं.

त्या हसण्याने पूर्वीच्या डोक्यात काहीतरी फुटलं. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर ती त्याच्या चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मांडीवर घेऊन बसली होती. पिशवी खाली ठेवायची तिला भीती वाटत होती. ती भीती तिने कोणाला सांगितली नव्हती. आणि ज्याच्या त्या चपला, तो हा माणूस समोर बसून मरणावर विनोद करत होता!

"मी नवस बोललेय," ती म्हणाली.

रखमाबाईंचा कालथा तव्यावरच थांबला.

"आयसीयूच्या बाहेर बसून. तुमच्या गावच्या राखणदाराला." लग्नानंतर कणकवलीकडच्या त्यांच्या गावी गेली होती तेव्हा वेशीवरच्या झाडाखालचा तो शेंदूर लावलेला दगड तिने पाहिला होता, आणि या घरातली माणसं पोलिसाला घाबरत नाहीत तेवढी त्याला घाबरतात हेही पाहिलं होतं. "म्हटलं, विनीत उठून घरी आला तर वर्षभर या घरात मटण शिजणार नाही. तळलेलं शिजणार नाही. रविवारी फक्त मासळी, तीही आमटीतली. बाकी रोज भाकरी, कडधान्य, पालेभाजी." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की राखणदार थेट डॉक्टरांच्या शब्दांत बोलतोय. पण आता थांबून चालणार नव्हतं. "आणि मीठ कमी," ती म्हणाली.

विनीतचा हात ताटातून चटका बसल्यासारखा मागे आला. त्याने दोन्ही कान पकडले. "अगं मग आधी सांगायचं ना! आत्ता मोडला असता!"

रखमाबाईंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"राखणदाराक?"

"हो."

"तूच बोललंस? तुझ्या तोंडान?"

"हो, आई."

"बरा," रखमाबाई म्हणाल्या. "मगे पाळूक व्हया." आणि सुरमईचं ताट झाकून शेजारी देऊन आल्या.

झालं! दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. काल ज्या भाकरीला सिमेंटची चव होती, तिला राखणदाराच्या कृपेने आज नाचणीची चव आली. विनीत निमूट जेवायचा आणि जेवून उठताना कोकणाच्या दिशेने हात जोडायचा. मावशी परत सूप घेऊन आली तेव्हा त्यानेच तिला दारातून परत पाठवलं. सगळ्यात नवल केलं ते रखमाबाईंनी. एकदा पाळायचं म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, कोवळ्या फणसाची भाजी, अळूचं फदफदं. खोबऱ्याचा हात आखडता, तेल नावाला, आणि तरी बोटं चाटावी अशी चव. मनवासुद्धा कुरकुर न करता भाकरी मोडू लागली. एप्रिलमध्ये मिरची गल्लीत वर्षाचा मसाला कुटून घ्यायला सासूसुना गेल्या, तेव्हा रखमाबाईंनी नेहमीच्या निम्म्या मिरच्या घेतल्या. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "आजी, घरात माणसं कमी झाली काय?"

"कमी होऊ नयेत म्हणान," रखमाबाई म्हणाल्या.

पूर्वीने ते ऐकलं, पण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच शिजत होतं. विनीतचे रिपोर्ट चांगले आले होते. वजन उतरलं होतं. आणि सगळ्या लालबागेत गवगवा झाला होता तो राखणदाराचा! मंडळाच्या ऑफिसात बसून विनीत सांगायचा, "आपल्याला राखणदाराने वाचवलं रे. बायकोने नवस केला म्हणून." लोक पूर्वीला रस्त्यात थांबवून म्हणायचे, पुण्याई आहे हो तुमची. पहाटे उठून कडधान्याला मोड आलेत का बघणारी पूर्वी, दादरच्या बाजारातून पालेभाज्यांच्या जुड्या वाहून आणणारी पूर्वी कोणाच्या हिशेबात नव्हती. 'आंधळं दळतं' एवढी अर्धी म्हण तिच्या ओठावर यायची; उरलेली अर्धी ती गिळायची, राखणदाराच्या भीतीने नव्हे, सासूच्या भीतीने.

पण खरी आग आणखी खोल होती. तिने नवऱ्याला शंभरदा खरं सांगितलं होतं. मला भीती वाटते, तू मला हवा आहेस, असं उघड सांगितलं होतं. त्या खऱ्याला त्याने हसून वाटेला लावलं. आणि एक खोटं, संतापाच्या भरात तोंडातून सुटलेलं, त्याच्यापुढे हा कान पकडून उभा! जिवंत बायकोच्या शब्दाला वेशीवरच्या दगडाएवढीही किंमत नसावी? भाकरी थापताना हे आठवलं की तिच्या हाताखालची भाकरी फाटायची. तरी ती गप्प होती. म्हणायची, जाऊ दे, पोटात तर जातंय ना नीट.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, शाळेचं ऑफिस सुटल्यावर ती दादरला भाजी घेत होती. अंगाचं पाणी पाणी होत होतं. एका खांद्यावर पिशवी, हातात लाल माठाची जुडी, तेवढ्यात फोन वाजला. अभयची बायको दीपिका. अभय विनीतचा शाळेपासूनचा दोस्त. कॉटन ग्रीनला, विनीतच्या गोडाऊनपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो.

"वहिनी, तुमचा नवस कधी संपतो हो?"

"का गं?"

"नाही, सहज. मला बाई तुमचं कौतुक वाटतं. पण भाऊजींचे किती हाल! घरात शिजवायचं नाही म्हणजे काय चेष्टा आहे? मीच म्हटलं त्यांना, तुमच्या घरात नाही ना शिजवायचं, मग दुपारचं आमच्याकडे या. आता बुधवार, शुक्रवार येतातच. कधी मटण, कधी बकऱ्याची वजडी. तुमचा डबा आमच्या वॉचमनला देतो, वाया नाही जात हां काही."

पूर्वीच्या मुठीत माठाच्या देठांचा चुरा झाला होता.

"हॅलो? वहिनी? फोन यासाठी केला, आज भाऊजी नीट जेवलेच नाहीत. वजडी केली होती, त्यांच्या आवडीची. म्हणाले, छातीत जळजळ होतेय दोन-तीन दिवस. ॲसिडिटी असेल म्हणाले. मी जिरंपाणी दिलं. म्हटलं तुम्हाला विचारावं, मी तिखट जास्त घालते का? तुमच्याकडे कसं करतात?"

ॲसिडिटी.

"ताई, घेताय ना जुडी?" भाजीवाली म्हणाली. पूर्वीने जुडी पिशवीत कोंबली, टॅक्सीला हात केला आणि सबंध रस्ताभर दात आवळून बसली. भीती होतीच, पण त्या भीतीवर संताप चढून बसला होता. दीपिका बिचारी भोळी. मावशी अडाणी. पण हा? याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं.

विनीत पंख्याखाली लोळत मॅच बघत होता. रखमाबाई खिडकीशी कुळीथ निवडत बसल्या होत्या. मनवा क्लासला गेली होती. पूर्वीने पिशवी धाडकन जमिनीवर आपटली.

"दीपिकाचा फोन आला होता. वजडी कशी होती?"

विनीत उठून बसला. क्षणभर चेहरा पडला, मग तेच हसू आलं. वर्गात पकडलेल्या पोराचं हसू, ज्याला ठाऊक असतं की बाई आपल्याला मारणार नाहीत.

"हे बघ, तू आधी शांत हो. नवस काय आहे? या घरात शिजणार नाही. शिजलं का? नाही शिजलं. मी नवस मोडलेला नाही. मी राखणदाराला मनातल्या मनात विचारून घेतलं होतं. त्याची काही हरकत दिसली नाही."

"आणि डॉक्टरांची?"

"डॉक्टर काय, सगळ्यांना तेच सांगतात. अगं, आठवड्यातून दोनदा. माणसाने जगायचं की नाही?"

"नवस नव्हताच!" पूर्वी किंचाळली. "ऐकलंस? मी तुझ्या राखणदाराला काही बोललेच नाही! तुझ्या चपला मांडीवर घेऊन बसले होते मी तिथे, मला देवाचं नाव आठवत नव्हतं, नवस कसला बोलतेय! मी खोटं बोलले. कारण खरं बोललेलं तुला ऐकूच येत नाही!"

विनीत उभा राहिला. आणि मग, ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा, तो रागावला! दोन-तीन महिने बायकोला फसवून वजडी चापणारा हा गृहस्थ लालबुंद झाला.

"देवाच्या नावाने खोटं? तुला कळतं काय केलंस तू? राखणदाराचं नाव घेऊन? मला काही झालं असतं म्हणजे? मी तिथे हात जोडत होतो रोज, आणि तू आतून हसत होतीस? गिरगावकर ना तुम्ही, आमचे देव म्हणजे तुम्हाला दगड!" त्याने आईकडे बघितलं. "आई, ऐकलंस ना? नवसच नव्हता. संपलं मग. या रविवारी मटण आण. बघतो कोण अडवतं."

रखमाबाईंनी कुळथाची सुपली बाजूला ठेवली.

"माका ठावक होता," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"नवस नाय ता. राखणदाराक कोण भाजयेचो नवस बोलता रे? तो कोंबो घेता. गावातल्या शेंबड्या पोराक इचार. ही बोलली तेव्हाच माका कळला, ही खोटा बोलता. बोलूक पण येना नाय तिका. म्हणता, आणि मीठ कमी!"

सासूचं ते तोंडाकडे बघत राहणं पूर्वीला आठवलं, मसाल्याच्या दुकानातलं उत्तर आठवलं. तिला शरम वाटली आणि लगेच रागही आला. एवढे महिने या बाईला सगळं ठाऊक होतं आणि ही चकार शब्द बोलली नाही!

"मग तू गप्प का बसलीस?" विनीतचा आवाज चिरकला.

"तुझो बापूस असोच हसायचो," रखमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "'एका तुकडेन कोण मरता गे?' तुझ्या तोंडातसून त्या दिवशी तेचोच शब्द इलो. गिरणीतल्या डॉक्टरान तेका सांगितलेला. मी सांगलंय. पाय धरलंय. आयकलो नाय. तो मागीत गेलो, मी वाढीत गेलंय, आणि लोक माका म्हणत ऱ्हवले, रखमाच्या हाताक काय चव आसा! त्या चवीन माझो घोव न्हेलो. माका असा खोटा बोलूचा सुचला नाय." त्यांनी बोट पूर्वीकडे केलं. "हिका सुचला."

टीव्हीवर कोणीतरी आउट झालं आणि लोक ओरडले. पूर्वीने जाऊन तो बंद केला.

"आई, याच्या छातीत तीन दिवस जळजळतंय," ती म्हणाली. "दीपिकाला सांगितलं यानं. आपल्याला नाही."

रखमाबाई मुलाकडे बघत राहिल्या. विनीतने मान फिरवली, आणि ती फिरवतानाच हात नकळत छातीवर गेला.

"चप्पल घाल," पूर्वी म्हणाली.

"अगं ॲसिडिटी..."

"चप्पल घाल म्हणते ना!"

हॉस्पिटलात ईसीजी काढला, रक्त तपासलं. अटॅक नव्हता. ड्युटीवरचा डॉक्टर पोरसवदा होता, पण बोलायला तिखट. म्हणाला, आज वाचलात, ही धोक्याची घंटा समजा. स्टेंट घातला म्हणजे नळ नवा झाला असं नसतं, उद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मग त्याने विचारलं, "जेवण काय असतं?"

"घरचंच," विनीत म्हणाला. "भाकरी, उसळ, पालेभाजी." तोच गरीब चेहरा! बायको आणि आई दोन बाजूंना उभ्या असताना, हाताला अजून ईसीजीचा चिकटपणा असताना.

पूर्वीला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. हॉस्पिटल आहे म्हणून राहिली. "वजडी," ती डॉक्टरला म्हणाली. "बुधवारी आणि शुक्रवारी. मित्राच्या घरी. डबा वॉचमनला देतात." डॉक्टरने विनीतकडे बघितलं आणि लिहायचं थांबवलं. विनीत जमिनीकडे बघत राहिला. परतीच्या टॅक्सीत तो एकदाच बोलला, की सगळ्यांसमोर असं सांगायची काय गरज होती.

घरी मनवा येऊन बसली होती. पूर्वीने दुपारची कुळथाची पिठी गरम केली, भाकऱ्या टाकल्या, लाल माठ परतला. चार ताटं मांडली. विनीत बसला, मनवा बसली. रखमाबाई बसल्या आणि त्यांनी आपलं ताट उचलून पालथं घातलं.

"हे काय, आई?"

"ह्यो माझो नवस," रखमाबाई म्हणाल्या. "खरो. आज तू भायर खावन इलंस, आज माझ्या पोटात अन्न नाय. उद्या खाल्लंस, उद्या नाय. तू थय दीपिकाकडे वजडी खा, हय तुझी आवस उपाशी. माका सांगूक नको, लपव, काय व्हया ता कर. खाल्लंस काय नाय ता तुझा तुका ठावक, आणि राखणदाराक ठावक." मग त्यांनी खिडकीकडे तोंड करून हात जोडले. "राखणदारा, आयकलंस मा?"

गावी कोणी देवापुढे गाऱ्हाणं घातलं की बाकीचे ज्या शब्दांनी त्याला दुजोरा देतात, ते शब्द पूर्वीला माहीत होते. गावी ते पुरुष म्हणतात. तिचा राखणदारावर विश्वास आजही नव्हता.

"व्हय महाराजा!" ती म्हणाली, आणि तिने आपलंही ताट पालथं घातलं.

मनवाने ते बघून स्वतःच्या ताटाला हात घातला, तशी आजीने तिच्या हातावर चापट मारली. "तू जेव. तुझो काय गुनो?"

विनीत दोन पालथ्या ताटांकडे बघत बसला. डोळे भरून आले त्याचे. "आई, सत्तरीला आलीस तू. असं नको ना करू," म्हणाला. एरवी त्या सुरात त्याने काही मागितलं असतं तर रखमाबाईंनी जीव काढून दिला असता.

"जेव," रखमाबाई म्हणाल्या.

त्याने भाकरी मोडली. पिठीत बुडवली. दोघी बघत होत्या, घास गिळणं भाग होतं. दोन घास झाल्यावर त्याने डाव्या हाताने फोन उचलला आणि अभयला लावला. "दीपिकाला सांग," तो म्हणाला, "बुधवारी माझ्यासाठी काही करू नको. नाही रे, नवस नाही. आई उपाशी राहतेय." आणि फोन ठेवून पुढचा घास घेतला.

आई उपाशी राहतेय. पूर्वीने ते ऐकलं. बायकोसाठी नाही, लेकीसाठी नाही, स्वतःच्या त्या फाटक्या काळजासाठीही नाही. अजूनही नाही. पालथ्या ताटावर तळवा दाबून ती बसून राहिली. पोटात भूक होती आणि भुकेच्या वर राग होता, आणि तो राग कमी करायची तिची काही इच्छा नव्हती. समोर विनीत रडत रडत भाकरी खात होता. ती संपल्यावर पूर्वीने दुसरी वाढली.